गरजेपुरता उजेड

सोलापूर,
पौष महिना

चि. नातवास,

पहिल्या पगारातला टॉर्च हातात आला आणि लगेच दुसऱ्याचे वेध लागले, हे तुझ्या पत्रावरून कळलं. दहा हजार ल्यूमेनचा घेऊ का, असं विचारतोस. सध्या घेऊ नकोस. का, ते सविस्तर लिहितो. खोलीवरची मुलं म्हणतात ना, ‘मोबाइलला टॉर्च असताना हे कशाला?’ त्यांनाही हे पत्र वाचायला दे.

मी वीज मंडळात लाइनमन म्हणून लागलो तेव्हा पक्कड, सेफ्टी बेल्ट आणि तीन सेलची बॅटरी एवढंच आमचं भांडवल. रात्री फीडर ट्रिप होऊन वीज गेली की लाइनीखालून चालत निघायचं, एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे. वरच्या इन्सुलेटरला तडा गेलाय का, जंपर जळालाय का, हे जमिनीवरून बघायचं. त्याला लांब जाणारा बारीक झोत लागतो. पण दोष सापडून डीपीची पेटी उघडली की तोच झोत नकोसा होतो. समोर पांढरा गोळा पडतो, डोळे दिपतात, आणि फ्यूजच्या आजूबाजूचं काही दिसत नाही. तिथं पसरट, मऊ उजेड हवा. उजेड किती आहे यापेक्षा तो कसा आहे, कुठून पडतो आणि कशासाठी हवा आहे, हे ओळखायला शिकणं म्हणजे हा छंद. मला तुला एवढंच सांगायचं आहे.

आपल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण तुला ठाऊक आहे. त्यात एव्हरेडीचा पितळी ‘जीवनसाथी’ आहे, अलाहाबादच्या जीप कंपनीचा तीन सेलचा आहे, फोकसवाले आहेत. या वेळी आलास की त्यातला एखादा पूर्ण उघडून बघ. बऱ्याच जुन्या टॉर्चांच्या मागच्या झाकणात, स्प्रिंगच्या पोटात, जादा बल्ब ठेवायची जागा असते. फोकसवाल्याचं डोकं फिरवलं की बल्ब चकचकीत वाटीत मागेपुढे सरकतो. नेमक्या जागी आला की झोत आवळतो, जरा हलला की पसरतो आणि मधे काळा डाग पडतो. दोन सेलला अडीच व्होल्टचा बल्ब, तीन सेलला ३.८ चा. तीन सेलांवर अडीचचा चढवला तर क्षणभर लखलखतो आणि जातो.

नळीत ओळीनं सेल भरलेल्या टॉर्चचं पेटंट १८९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांच्या नावावर झालं. पितळ जाऊन अ‍ॅल्युमिनियम आलं, तारेचा बल्ब जाऊन एलईडी आला, पण नळी, सेल, वाटी आणि खटका ही मांडणी आजही तीच आहे. जुना टॉर्च उघडता येतो आणि कुठला भाग कशासाठी आहे ते बोटांना कळतं. म्हणून संग्रह करायचाच असेल तर दोन-चार जुने जरूर मिळव. भंगारवाल्याकडे पितळेच्या भावानं किलोवर जातात बिचारे.

आता ल्यूमेनचं. ल्यूमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. मेणबत्तीचा साधारण १२, जुन्या ६० वॉटच्या बल्बचा सातशे-आठशे. तो एका दिशेला किती एकवटलाय, हे कँडेला सांगतो. लांबचं दिसणं अवलंबून असतं कँडेलावर, आणि तू पत्रात तो आकडा लिहिलेलाच नाहीस. खोक्यावरचं ‘बीम डिस्टन्स’ कसं काढतात ते लक्षात ठेव: कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. दहा हजार कँडेलाला २०० मीटर, चाळीस हजारांना ४००. म्हणजे चौपट कँडेला, तेव्हा कुठं दुप्पट अंतर. आणि त्या शेवटच्या टोकाला उजेड असतो पाव लक्स, स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेवढ्यात माणूस उभा आहे हे दिसेल, पण इन्सुलेटरचा तडा दिसणार नाही. मी खोक्यावरच्या अंतराचं निम्मंच खरं धरतो.

अमेरिकेत २००९ मध्ये या मोजमापांचं एक मानक ठरलं. त्यानुसार टॉर्च लावल्यावर अर्ध्या मिनिटानंतर ल्यूमेन मोजायला घेतात, आणि चालण्याची वेळ धरतात ती उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. चांगल्या कंपन्या उजेड वेळेनुसार कसा उतरतो त्याचा आलेख देतात. मुठीत मावणारा दहा हजार ल्यूमेनचा टॉर्च थोड्याच वेळात चटका बसण्याइतका तापतो आणि आपण होऊन मंदावतो. आकड्यापेक्षा तो आलेख बघून टॉर्च निवड. दोन तास इमानानं तीनशे ल्यूमेन देणारा टॉर्च मला जास्त मोलाचा वाटतो.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळा लेप देतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. हा निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण स्वस्त, थंड पांढऱ्या एलईडीत लाल रंगाचा वाटा फार कमी पडतो. त्यामुळं तांबडं, तपकिरी, मातकट सगळं एकसारखं राखाडी दिसतं. तुला वाटेल, रात्री रंग कशाला हवेत?

आपल्या नान्नजच्या वाटेवरच्या रानात ये, म्हणजे कळेल. शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की वाटेकरी मामा मध्यरात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला निघतात. थंडी मी म्हणते, पायाखाली चिखल, आणि बांधावरच्या पाचटात घोणस नाहीतर फुरसं. दोघांचाही रंग मातीचाच. घोणशीच्या पाठीवरच्या तपकिरी टिकल्या निळसर उजेडात मातीत मिसळून जातात. उबदार, रंग नीट दाखवणाऱ्या उजेडात त्या उठून दिसतात. म्हणून खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, बघ. सूर्यप्रकाशाचा १००, साध्या एलईडीचा सत्तरच्या आसपास, चांगल्याचा नव्वदच्या वर. त्यासाठी काही ल्यूमेन कमी मिळाले तरी चालतील. उजेड दोन-तीन पावलं पुढं, जमिनीवर ठेवायचा. मोबाइल इथं कामाचा नाही. एका हातात फावडं, दुसरा ओला, आणि वाटी नसलेला तो इवला दिवा जवळच पसरतो. मामांना हात मोकळे लागतात.

तिसरी गोष्ट उजेडाच्या दिशेची. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती पोचवून माणसं दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आपलं सोलापूरही हललं, सगळी गल्ली अंगणात आली. तिकडं दगडमातीची, जाडजूड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मदतीला जाऊन आलेल्या एका वयस्कर वायरमननं मला जे सांगितलं ते मी कधी विसरलो नाही. ढिगाऱ्यावर उजेड समोरून मारला तर सगळं सपाट दिसतं. टॉर्च खाली, जमिनीलगत आडवा धरला की प्रत्येक दगडाची सावली लांब पडते, आणि जिथं सावली एकदम खोल उतरते तिथं पोकळी असते. तिथं हाक मारायची. मी नंतर हे तंत्र रोजच्या कामात वापरलं. खांबाच्या बुंध्याची भेग, घरातली पडलेली सुई, फरशीवरची काच, सगळं तिरक्या उजेडात सापडतं. तू करून बघ. आणि तेव्हापासून आपल्या घरी उशाला एक टॉर्च ठरलेल्या जागी असतो. अंधारात चाचपडून हात जिथं आपोआप जातो, तीच त्याची जागा. तुझ्या खोलीतही ती ठरव.

कधी कधी डोळ्याला न दिसणारा उजेडही लागतो. माझ्याकडे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च आहे, काळ्या काचेचा फिल्टर लावलेला. रात्री कडब्याच्या गंजीवरून, सरपणावरून तो फिरवला की विंचू निळसर हिरवा चमकून उठतो, शेपटीच्या नांगीसकट. त्याच्या कवचातल्या द्रव्यांमुळं हे होतं. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र कवच कडक होईपर्यंत चमकत नाही, म्हणून हात घालताना सावधच राहायचं. आपल्या भागातला लाल विंचू जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधानं त्या दंशाचे बळी कमी करून दाखवले, तेव्हा कुठं त्यावर खात्रीचा इलाज आला. विंचू चावो की साप, टॉर्चच्या उजेडात जखम चोखत बसू नये. गाडी काढून थेट दवाखाना गाठावा. आणि अतिनील टॉर्चकडे कधी सरळ बघू नकोस.

दहा हजार ल्यूमेनच्या उलट टोकाला एक ल्यूमेनहूनही कमी उजेड देणारी पायरी असते. खरेदी करताना ती आहे का, हे आवर्जून बघ. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका झगझगीत झोतानं ती सगळी कमाई जाते. रात्री पाणी प्यायला उठलेल्या तुझ्या आज्जीला एवढासा उजेडच पुरतो. माळावर चांदण्यात चालायलाही तोच बरा. मधेच टॉर्च कानशिलाला लावून गवताकडे बघ. लांडगा-कोळ्यांचे डोळे दवासारखे लुकलुकतात, शेकड्यांनी. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत असला तरच ते दिसतात, कारण ते डोळे उजेड जिथून आला तिकडेच परत धाडतात. पण नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात मोठा झोत घेऊन फिरायचं नाही. झोतानं ससा जागच्या जागी गोठतो आणि माणसं त्याची शिकार करतात, हे मी पाहिलंय. उजेडाचा याहून वाईट वापर मला माहीत नाही.

सेलांकडे दुर्लक्ष करू नकोस. जुन्या मसाल्याच्या सेलचं जस्ताचं डबडंच वापरात झिजतं, मग आतलं द्रव्य पाझरतं आणि पितळेला हिरवं चढतं. कपाटात ठेवताना सेल काढूनच ठेवायचे. तुझ्या टॉर्चात १८६५० सेल आहे, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्यावर ९९०० एमएएच लिहून विकणारा खोटं विकतो. या मापात चांगल्या सेलची ताकद ३५०० च्या आसपास असते. प्लास्टिकचं वेष्टण फाटलेला सेल वापरायचा नाही, चावीच्या जुडग्याबरोबर सुटा खिशात ठेवायचा नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत तर कधीच नाही. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेव. आटे आणि स्प्रिंग कोरड्या फडक्यानं पुसत जा. टॉर्च लुकलुकतो त्याचं कारण बहुतेक वेळा तिथला मळ असतो.

बाळगण्याबद्दल तू विचारलं आहेस. कपाटातला टॉर्च कितीही भारी असला तरी वेळेला कामी येतो तो खिशातलाच. माझ्या सदऱ्याच्या खिशात एका पेन्सिल सेलचा, बोटाएवढा टॉर्च असतो. नवी पेठेत जाताना, लग्नात, देवळात, दवाखान्यात, सगळीकडे. सेल वाण्याकडेही मिळतो, म्हणून तोच प्रकार. पण टॉर्च जवळ असला की काही रीती आपोआप गळ्यात पडतात. समोरच्याच्या तोंडावर झोत मारायचा नाही. जिन्यात लाइट गेली तर आधी म्हाताऱ्यांच्या पायांपुढं धरायचा, आपल्या नाही. मागून येणाऱ्यांसाठी हात खाली सोडून उजेड पाठीमागं पडू द्यायचा. लोकांना आपला टॉर्च नव्हे, वाट दिसली पाहिजे.

आता तुझ्या पुढच्या खरेदीचं. मामांसाठी एक डोक्याला बांधायचा टॉर्च घे. उबदार रंगाचा, सीआरआय नव्वदच्या वरचा, पसरट उजेडाचा, पाण्यात पडला तरी चालणारा, ओल्या हातानंही दाबता येईल अशा मोठ्या बटणाचा, आणि मधल्या पायरीवर रात्रभर टिकणारा. दोन सेल घे, एक लावायला, एक भरून ठेवायला. चार्जरही चांगला घे. हे सगळं एका टॉर्चात शोधताना तुला आलेख वाचावे लागतील, कँडेला आणि ल्यूमेनची सांगड घालावी लागेल, कंपन्यांना प्रश्न विचारावे लागतील. त्यातून जेवढं कळेल तेवढं दहा टॉर्च कपाटात लावून कळणार नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा घेऊन ये, स्वतः एक रात्र त्यांच्याबरोबर दारं धर, आणि काय कमी पडलं ते वहीत लिही. त्यानंतर स्वतःसाठी कुठला घ्यायचा, हे तुला माझ्याइतकंच कळेल.

प्रकृतीला जप. आज्जीचे आशीर्वाद.

तुझा,
आजोबा