आळस की अव्हेर?

धडधाकट माणसाला मदत करावी की नाही, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांत वारंवार निघतो. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभेत एखाद्या कुटुंबाला शिधा देण्याचा विषय आला, की कोणीतरी म्हणतेच, ‘फुकटचे मिळाले की माणूस आळशी होतो.’ २०२४ साली महाराष्ट्र शासनाने लाडकी बहीण योजनेतून महिलांना दरमहा १५०० रुपये देऊ केले, तेव्हाही हेच उद्गार निघाले. असे बोलणारे दुष्ट नसतात. बहुधा त्यांनी स्वतः कष्टाने संसार उभा केलेला असतो. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा नीट विचार व्हायला हवा.

ह्या मतासाठी संत पौलाचा आधार दिला जातो. काम न करणाऱ्याने जेवूही नये, असे त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला बजावले, हे खरे. परंतु त्याचा रोख काम करण्याची इच्छा नसणाऱ्यांवर आहे, काम न मिळणाऱ्यांवर नाही. हा फरक चेहरा पाहून कळत नाही. तो ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच: काम देऊन पाहणे.

महाराष्ट्राने ही कसोटी लावून पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात सरकारने रस्ते, बंधारे, पाझर तलाव ह्यांची कामे काढली. भर उन्हात खडी फोडायची, माती वाहायची आणि मजुरी बेताची. आळशी माणूस अशा कामाकडे फिरकणारही नाही. तरीही मे १९७३ मध्ये ह्या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पुढे वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागूनही काम देता आले नाही, तर बेकारी भत्ता देणे हे त्या कायद्याने शासनाचे कर्तव्य ठरवले. म्हणजे तो भत्ता भीक नव्हता. दिलेला शब्द न पाळल्याची ती भरपाई होती.

मुंबईच्या कामगाराला मात्र अशी हमी नव्हती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील हजारोंना पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही. वीस वर्षे साच्यावर राबलेला माणूस एका वर्षात आळशी होतो काय? दारोदार नकार ऐकून तो अखेर घरी बसतो आणि त्या बसण्याला आपण आळस म्हणतो. कित्येकदा आळस हे बेकारीचे कारण नसते, तो तिचा परिणाम असतो.

त्या संपाच्या चार महिने आधी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. सृष्टीतील संपत्ती परमेश्वराने सर्वांसाठी दिली आहे. म्हणून बेकारांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या निर्वाहाची तरतूद करणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे त्यांनी त्यात शिकवले.

आळस हे पाप आहेच, पण ते गरिबांच्याच घरी राहते असे नाही. वडिलोपार्जित खोल्यांचे भाडे आणि बँकेचे व्याज ह्यांवर जगणारा माणूस त्या पैशाने बिघडेल, अशी चिंता आपण सहसा करत नाही. उलट पहाटे पाणी भरून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दीड हजार रुपये मिळाले, की तिच्या स्वभावाची काळजी आपल्याला लागते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी दिवस कलल्यावर बाजारात गेला. रिकामे का उभे आहात, हे त्याने विचारले, तसे त्यांचे उत्तर ऐकूनही घेतले. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. त्याने त्यांना मळ्यात पाठवले व संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी दिली, कारण त्यांच्या घरची चूलही इतरांइतकीच पेटायची होती. आपल्या वाकोल्यात कंत्राटदार आहेत, दुकानदार आहेत, कचेऱ्यांतून मोठ्या हुद्द्यांवर काम करणारे आहेत. शिधा मागायला आलेल्या माणसाची पारख करण्यापूर्वी त्यांनी एवढेच पाहावे: ह्याला आजवर कोणी कामाला बोलावले आहे काय? नसेल, तर आपण बोलावू शकतो काय? आणि तेवढ्यात त्याच्या घरचा शिधा थांबू नये.