अनामत आणि ऋण

जबलपूरच्या टाउन हॉलला आज गांधी भवन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, व्हिक्टोरिया राणीच्या गौरवार्थ, राजा गोकुळदासांच्या घराण्याच्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली. राणी गेली, तिचे राज्य गेले, इमारतीचे नावही पालटले. तिच्या आश्रयास असलेले वाचनालय मात्र नांदले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि त्याच्या मागोमाग नागपुराकडची कितीतरी मराठी बिऱ्हाडेही आली. नव्या गावात घर मिळण्यापूर्वी ज्या एका ठिकाणी बसावयास खुर्ची मिळते व 'आपण कोण?' असा प्रश्न कोणी विचारीत नाही, ते ठिकाण म्हणजे वाचनालय. बदलीच्या नोकरीतल्या माणसास हा अनुभव नवा नाही. म्हणूनच एक प्रश्न आम्ही आमच्याच वर्गापुढे ठेवू इच्छितो. ज्या गावाचे आम्ही नव्हेत, त्या गावच्या वाचनालयाचे आम्ही काही देणे लागतो काय?

पहिले उत्तर सोपे वाटते: देणे लागतोच, तर ते दात्याचे. परंतु दात्याकडे पाहू लागले की मन अडखळते. गोकुळदासांची संपत्ती पेढीची, सावकारीची आणि मालगुजारीची होती. व्याजाचा जो रुपया टाउन हॉलच्या भिंतीत गेला, तो कोणा तरी कुळाच्या घरून निघालेला असणारच. मुंबईची गोष्टही निराळी नाही. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या वाचनालयामागे अफूच्या व्यापाराची कमाई होती. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली दोन लक्ष रुपये दिले, आणि मातोश्रींच्या नावे राजाबाई मनोरा उठावा म्हणून आणखी दोन लक्ष. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो हा काळ. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि प्रेमचंदांसह मुंबईतील असंख्य कुटुंबे बुडाली. मनोरा आणि ग्रंथालय पूर्ण झाले ते १८७८ साली. ज्या सट्ट्याने घरे उद्ध्वस्त केली, त्याच सट्ट्याच्या पैशाखाली पिढ्यानपिढ्या विद्यार्थी अभ्यास करीत आले.

मग असे दान अशुद्ध म्हणून नाकारावे काय? अमेरिकेत हा प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला. अँड्र्यू कार्नेगी यांनी जगभर अडीच हजारांहून अधिक वाचनालयांना इमारती दिल्या; पण १८९२ साली होमस्टेड येथील त्यांच्याच पोलाद कारखान्यात मजुरीवरून संप झाला, सशस्त्र पहारेकरी आणले गेले आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. सहा वर्षांनी त्याच परिसरात कार्नेगींचे भव्य वाचनालय उघडले. बारा तासांची पाळी करून आलेल्या मजुराने ते केव्हा वाचावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्यास इमारत हे उत्तर नव्हते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा नसलेल्यास दिलेले दान सात्त्विक, फलाची आशा धरून दिलेले राजस. वाचनालयाची देणगी ही या वर्गीकरणाची मोठी अडचण आहे. दारावरची शिळा पाहिली तर ते राजस. पण आत बसलेला वाचक, कदाचित दाता मेल्यानंतर जन्मलेला, त्यास काय परत करणार? त्या बाजूने तेच दान सात्त्विक ठरते. आम्हांस वाटते की, वाचनालयाच्या बाबतीत दान एकदा देऊन संपत नाही. ते शुद्ध होते की नाही, हे पुढे गाव त्याचे काय करते यावर ठरते. देणगीने पूर्वीचा अन्याय धुतला जात नाही; तो इतिहासात लिहिलेलाच राहिला पाहिजे. परंतु त्या अन्यायाचे निमित्त करून गावाने आपले कर्तव्य टाळावे, हेही न्याय्य नव्हे.

कार्नेगींच्या योजनेतील खरी शहाणपणाची गोष्ट त्यांच्या पैशात नव्हती, अटीत होती. गावाने जागा द्यावी, आणि देणगीच्या दशांशाइतकी रक्कम दरसाल वाचनालयावर खर्च करावी. हेच तत्त्व आमच्या जवळ, मराठी राजाने मराठी मुलखाबाहेर, आचरून दाखविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून संस्थानभर वाचनालयांची योजना आखली. त्यात गावकऱ्यांनी एक हिस्सा उभा केला की दुसरा पंचायतीने आणि तिसरा सरकारने द्यावयाचा. राजाची तिजोरी मोठी होती. सर्व खर्च त्यातून भागला असता. पण ज्यात आपला पैसा नाही ते वाचनालय गावाचे होत नाही, हे महाराजांनी जाणले होते. दाता इमारत देतो. वाचनालय दरसालच्या वर्गणीने, वेळेवर परत आलेल्या पुस्तकाने आणि पावसाळ्यात कपाट उघडून वाळवी पाहणाऱ्या माणसाने टिकते.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. फार वर्षांपूर्वी एका गावाहून आमची बदली झाली. कचेरीचे सारे ना-देय दाखले आम्ही काटेकोरपणे मिळविले. न मिळविले तर पगार अडतो. नव्या गावी खोकी उघडली तेव्हा घरच्या पुस्तकांत तेथील वाचनालयाचे एक जुने मराठी पुस्तक निघाले. लाज वाटली, ती दोन दिवस. मग मनाने सरकारी तोड काढली: अनामत रक्कम त्यांच्याकडे आहेच; ती त्यांनी जप्त करावी, हिशेब मिटला. ते पुस्तक आमच्या कपाटात अकरा वर्षे राहिले आणि दोन बदल्या हिंडले.

हिशेब कसा मिटेल? अनामत ही पुस्तकाच्या एका काळच्या किमतीची हमी होती. ते पुस्तक पुन्हा छापलेच गेले नव्हते. त्या अकरा वर्षांत तेथे आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलीने ते मागितले असेल आणि 'बाहेर गेले आहे' असे उत्तर ऐकले असेल, तिचे काय? सावकाराच्या पैशाची आम्ही चिकित्सा करीत होतो. आणि येथे दुसऱ्याच्या वाट्याचे दाबून बसलेले आम्हीच होतो, तेही शिळेवर नाव न कोरता.

आपल्या परंपरेने माणसावर तीन ऋणे सांगितली: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. पैकी ऋषींचे ऋण पैशाने फिटत नाही. ते अध्ययनाने, म्हणजे मिळालेली विद्या पुढे चालविल्याने फिटते. वाचनालयाचे देणे या जातीचे आहे. ते दात्यास द्यावयाचे नसून आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी वाचकास द्यावयाचे आहे. आणि त्या वाचकाचे गाव कोणते, भाषा कोणती, हे आपण विचारू शकत नाही. आपण आलो तेव्हा आपल्यालाही कोणी विचारले नव्हते.

शेवटी आम्ही ते पुस्तक क्षमापत्रासह टपालाने परत केले. पंधरा दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले. पुस्तक पोहोचले, आपली अनामत रक्कम जमा आहे, ती सवडीने न्यावी. त्यांनी ती जप्त केलीच नव्हती. वर्षानुवर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत आमचे नाव कोणी तरी उतरवून घेत होते.

ती रक्कम आम्ही आणली नाही. पण ती सोडून देऊन आम्ही ऋणमुक्त झालो, असे आता वाटत नाही.