तेराच्या तेरा जिंकूनही बाहेर

३ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या निवड समितीने राष्ट्रीय विजेतेपदासाठी झुंजणारे चार संघ जाहीर केले: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा. फ्लोरिडा स्टेटचं नाव त्यात नव्हतं. तेराच्या तेरा सामने त्यांनी जिंकले होते, आदल्याच रात्री आपल्या गटाचं विजेतेपदही पटकावलं होतं. अलाबामा एक सामना हरलेला.

कारण काय, तर फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चढाईची सूत्रं सांभाळणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरात पाय मोडून बसला होता. त्याच्याविना हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, असं समितीचं म्हणणं. दुखापतींचा विचार करण्याची मुभा नियमांतच होती. आपला पाय आधीच मोडायला हवा होता, म्हणजे आपल्याशिवायही संघ किती भारी आहे हे लोकांना दिसलं असतं, अशा अर्थाचं ट्रॅव्हिसने नंतर लिहिलं.

न्याय घडून गेलेल्या गोष्टीचा करायचा की घडू घातलेल्याचा? अॅरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये विचारतो, उत्तम बासरी कोणाला द्यावी? श्रीमंताला नव्हे, कुलीनाला नव्हे, उत्तम वाजवणाऱ्याला. समितीलाही हेच म्हणता येईल. पण अॅरिस्टॉटलच्या वादकाची पारख त्याच्या वाजवण्यावरूनच होते. फ्लोरिडा स्टेटने ट्रॅव्हिसविनाही शेवटचे दोन सामने जिंकून दाखवले होते. तरी निकाल लागला तो पुढच्या अंदाजावर.

आणि अंदाज आला की त्याच्या आडून पैसाही आत शिरतो. या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन ही क्रीडावाहिनी तेव्हा वर्षाला सुमारे ४७ कोटी डॉलर मोजत होती. २०२६ पासूनचा करार वर्षाला सुमारे १३० कोटींचा. अलाबामा ज्या गटात खेळतो त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे हक्कही २०२४ पासून याच वाहिनीकडे. समितीला कोणी पाकीट दिल्याचा पुरावा नाही. त्याची गरजही नसावी.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सभेचा एक प्रसंग आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यातल्याला मात्र ‘तू उभा राहा’. जागा दाखवणाऱ्याने लाच घेतलेली नाही. अंगठी नुसती चमकली, एवढंच. शनिवारी स्टेडियम आणि रविवारी चर्च भरवणाऱ्या अमेरिकी दक्षिणेला हा प्रसंग नवा नसावा.

फ्लोरिडा स्टेट काही मळक्या कपड्यातलं नव्हे. ते बडं घराणंच. खरा मळका सदरा सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या २०१७ च्या संघाचा. सगळे सामने जिंकूनही समितीने त्यांना बारावं ठेवलं. मग पीच बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. याच ऑबर्नने त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही धूळ चारली होती, आणि अंतिम सामना खेळले ते अलाबामा आणि जॉर्जियाच. सेंट्रल फ्लोरिडाने मग स्वतःला राष्ट्रीय विजेता घोषित करून डिस्नी वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. चेष्टा झाली, पण त्यांचं नेमकं काय चुकलं होतं?

पैशाची चमक या बोल सामन्यांतही दिसते. निमंत्रणाने होणारे हे सामने भरवणाऱ्या अनेक संस्था कागदोपत्री धर्मादाय. अॅरिझोनाच्या फिएस्टा बोलचे प्रमुख जॉन जंकर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या पार्टीवर संस्थेचे तेहेतीस हजारांहून अधिक डॉलर उडाले. २०११ मध्ये ते उघडकीस आलं नि त्यांची नोकरी गेली. त्याच वर्षीच्या फिएस्टा बोलची १७,५०० तिकिटं त्यात खेळणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या गळ्यात मारली गेली होती. बरीचशी खपलीच नाहीत.

फ्लोरिडा स्टेटला मिळाला ऑरेंज बोल. जॉर्जियाने त्यांना ६३-३ असं चिरडलं. बघा, समितीचं बरोबर होतं, असं अनेकांनी म्हटलं. पण विजेतेपद हातचं गेल्यावर संघातले कितीतरी प्रमुख खेळाडू त्या दिवशी मैदानात उतरलेच नव्हते. त्यांना नावं ठेवणारेही निघाले. फळाची आशा धरू नये हे खेळाडूला सांगणं सोपं. पण तो उपदेश कर्म करणाऱ्याला आहे, त्याने फळ वाटणाऱ्याला न्यायातून सूट मिळत नाही. दोन दिवसांनी अलाबामाही मिशिगनकडून २७-२० असा हरला, तेव्हा मात्र समितीचा अंदाज कोणी तपासायला घेतला नाही.