बाकी चार

अप्पांनी 34 वर्षं बँकेत काढली. आकड्यांचं त्यांना प्रेम, पण पुराव्याशिवाय एकही आकडा ते मानत नाहीत. परवा जेवणं झाल्यावर मी पाठकोऱ्या कागदावर एक एकवीस अंकी संख्या लिहून त्यांच्यापुढे सरकवली: 147573952589676412927.

"2 चा 67 वा घात वजा 1. ही मूळ संख्या आहे, असं मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं 1644 मध्ये लिहून ठेवलं. 1876 मध्ये लुकासनं सिद्ध केलं की ती संयुक्त आहे."

"अवयव कोणते निघाले?"

"एकही नाही. अवयव आहेत, एवढंच सिद्ध झालं."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे चोर दाखवता येत नाही, आणि चोरी झाली म्हणायची?"

"चोरी झाल्याचं कळायला चोर सापडावाच लागतो का?"

मी कागदाच्या कोपऱ्यात 7 लिहिले. "फर्माचा नियम असा: 2 सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. तिच्यापेक्षा एकनं कमी, इतका 2 चा घात करा आणि त्याला तिनंच भागा. बाकी 1 उरते. 2 चा सहावा घात 64."

"सात नवे त्रेसष्ट. बाकी 1."

"आता 9 घ्या. 2 चा आठवा घात 256."

"नऊ अठ्ठावीस दोनशे बावन्न. बाकी 4."

"म्हणजे 9 मूळ नाही. यात 3 चं नाव तरी घेतलं का आपण?"

ते बराच वेळ त्या चाराकडे बघत राहिले. बाकी 1 आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही, हेही मी सांगितलं. 341 म्हणजे 11 गुणिले 31, तरी ती या परीक्षेतून सुटते. पण बाकी वेगळी आली, की निकाल पक्का. लुकासची कसोटी निराळी आहे, पण जात हीच.

"हा तर नवाचा ताळा झाला," अप्पा म्हणाले. "ताळा जमला म्हणून गुणाकार बरोबर असेलच असं नाही. ताळा चुकला, तर मात्र गुणाकार चुकलाच. कुठे चुकला, ते ताळा सांगत नाही."

इतकी वर्षं गणित शिकवून मला हे सुचलं नव्हतं.

"मग मान्य?"

"अर्धं. संध्याकाळी जमाखर्च जुळला नाही की चूक आहे हे सगळ्यांना कळायचं, पण तेवढ्यावर घरी कोणी जायचं नाही. एकदा पंच्याऐंशी पैशांसाठी रात्री साडेअकरापर्यंत बसलोय. चूक आहे हे कळणं आणि ती हाती लागणं, यांच्यामध्ये ती रात्र असते. तुझा लुकास ती रात्र न काढताच उठला."

"ती कोलनं काढली."

फ्रँक नेल्सन कोल. ऑक्टोबर 1903, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. सांगतात ते असं, की ते फळ्यापाशी गेले, 2 चा 67 वा घात करून त्यातून 1 वजा केला, मग शेजारी 193707721 गुणिले 761838257287 हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच. एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला, असं पुढे कोणी विचारलं तर म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

अप्पांनी पेन्सिल उचलली. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज 37, म्हणजे 1. दुसऱ्याची 64, तोही 1. एकवीस अंकांची 109, तीही 1.

"ताळा जमतो."

"पण अप्पा, आत काही आहे याची खात्री लुकासनं दिली नसती, तर इतके रविवार कोणी घातले असते? जुळत नाही हे कळलं, म्हणूनच तुम्ही बसून राहिलात ना?"

"तेही खरं." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "आणि अशी एखादी आहे का, जिची रात्र अजून संपलेली नाही?"

आहे. 2 चा 1277 वा घात वजा 1. अंक 385. ती संयुक्त असल्याचं सिद्ध झालं आहे. अवयव अजून एकही सापडलेला नाही.