मातीचे ऋण

अरामी सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून कुष्ठरोगातून शुद्ध झाला, तेव्हा त्याने अलीशा संदेष्ट्याकडे एक विलक्षण मागणी केली. दोन खेचरांवर लादता येईल एवढी इस्राएलची माती त्याला स्वदेशी न्यायची होती (२ राजे ५). याच भूमीतून अरामी टोळ्यांनी पूर्वी एक लहान मुलगी पळवून नेली होती. तेव्हा माती न विचारता उचलणे सेनापतीला मुळीच अवघड नव्हते. तरी त्याने विचारले. एखाद्याची भूमी पवित्र मानणे म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांस त्या विचारण्यात दिसते.

हा प्रश्न आज कलेच्या क्षेत्रातही उभा आहे. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातील युएंडुमूच्या आदिवासींनी जमिनीवर आपले परंपरागत भूचित्र रेखले होते. त्याच्यामागील भिंतीवर रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताने चिखलाचे विशाल वर्तुळ काढले होते. दोन्हीकडे मातीच; परंतु एकासाठी ती पूर्वजांची वाट, तर दुसऱ्यासाठी कलेचे साधन. त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचीही चित्रे होती. पुढे २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे मशे आणि लाँग या दोघांचे एकत्र प्रदर्शन भरले.

वारली चित्राचे मूळ मात्र प्रदर्शनात नाही. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, असे ते घरात जन्मते. लग्नाचा चौक सवासिणी लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरीच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे ते चित्र भिंतीची शोभा नव्हे, तो विधी आहे. मशे यांनी ही कला कापडावर आणि कागदावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही लाभले. परंतु ज्यांनी ती भिंत सारवली त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या आणि १९४५ साली त्यांना वेठबिगारीविरुद्ध उठाव करावा लागला होता, हे ते चित्र दिवाणखान्यात टांगणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

येथे कोणी म्हणेल, भूमी तर परमेश्वराची आहे. लेवीय ग्रंथाच्या २५व्या अध्यायात देव स्वतःच तसे सांगतो. मग माती कोणाची आणि चित्र तरी कोणाचे? आक्षेप वजनदार आहे. परंतु इतिहासात हा युक्तिवाद बहुधा बलवंतांच्या मुखी ऐकू येतो. ऑस्ट्रेलियाची भूमी कोणाचीच नाही असे मानून ती घेण्यात आली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते गृहीत १९९२ साली खोटे ठरवले. भूमी देवाची आहे याचा अर्थ ती कोणीही घ्यावी असा नाही. ज्यांच्या हाती देवाने ती राखण्यास दिली, त्यांना न विचारता तिला हात लावू नये, असा आहे.

मग रास्त मोल दिले की झाले? अहाब राजाने नाबोथाला अधिक चांगला मळा अथवा रोख किंमत देऊ केली होती (१ राजे २१). व्यवहार वरकरणी न्याय्य होता. परंतु वाडवडिलांचे वतन विकणार नाही, असे नाबोथ म्हणाला. राजाचे पाप केवळ रक्तपातापासून सुरू होत नाही. त्या नकाराने तो रुसून अंथरुणावर पडला, तेथूनच ते सुरू होते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला संमती म्हणता येणार नाही, मग दाम कितीही मोजा.

ख्रिस्तसभेलाही हा धडा सावकाश उमगला. १९८६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना सांगितले, की त्यांचे योगदान आनंदाने स्वीकारले जाईपर्यंत तेथील ख्रिस्तसभा पूर्णत्वास जाणार नाही. आणि परक्यांच्या भूमीवर युरोपीय राजसत्तांचा हक्क सांगणारा तथाकथित ‘शोधाचा सिद्धान्त’ व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्पष्टपणे नाकारला.

आपल्या नाताळच्या गोठ्यामागे, वेदीच्या वस्त्रावर वा शुभेच्छापत्रावर वारली आकृती येते, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारी येतो. ती येऊ नये असे आम्ही म्हणत नाही; गव्हाणीतील बाळाला गेरूची भिंत परकी नाही. पुण्यात क्वीन्स गार्डन येथे आदिवासी संग्रहालय आहे. मुलांना तेथे अवश्य न्यावे. परंतु त्याहून बरे, एखादा वारली चित्रकार धर्मग्रामात सन्मानाने बोलवावा, त्याचे मानधन आणि त्याचे नाव दोन्ही द्यावे, आणि कोणती आकृती आमच्या गोठ्यात यावी व कोणती येऊ नये, हे त्यालाच विचारावे. त्याने एखाद्या आकृतीला नकार दिला, तर ती जागा कोरी ठेवावी. त्या कोऱ्या जागेचा आदरही प्रभूला अर्पण करता येतो.