स्वतःसाठीं लिहिलेली मार्गदर्शिका

मार्गदर्शिका म्हणून जीं पुस्तकें लिहिलीं जातात त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: लिहिणारा जाणता आहे व वाचणारा अजाण आहे. शिवणयंत्राबरोबर येणारी पुस्तिका असो, कीं जमाखर्च कसा ठेवावा हें शिकविणारा ग्रंथ असो, दोन माणसांमधील ज्ञानाचें अंतर तोडण्यासाठींच तिचा जन्म असतो. असें असतां एखाद्यानें स्वतःच बसविलेल्या व्यवस्थेची मार्गदर्शिका स्वतःसाठींच लिहावयास घेतली, तर पाहणारास हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. आपल्याच घराचा पत्ता आपण खिशांत लिहून ठेवावा, तसा हा प्रकार. गेल्या वर्षीं आम्हीं नेमका हाच उद्योग केला. आणि आरंभीं आम्हांसहि हंसूं आलें. परंतु काम संपलें तेव्हां तें हंसूं पार मावळलें होतें, व त्याच्या जागीं एक प्रश्न उभा राहिला होता. माणूस स्वतःचें कांहीं देणें लागतो काय? आणि लागत असल्यास तें देणें कोणत्या स्वरूपांत फेडावयाचें?

प्रसंग असा घडला. आमचे एक स्नेही, जन्मभर वाचन व टिपणें यांत रमलेले, कांहीं काळापूर्वीं वारले. एके दिवशीं त्यांच्या पत्नी त्यांचा संगणक घेऊन आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, “भावोजी, ह्यांतलं काय ठेवायचं, काय छापायचं, तें तुम्हीच बघा. हे नेहमीं म्हणायचे, सगळं नीट लावून ठेवलंय.” लावून ठेवलें होतें यांत तिळमात्र संशय नव्हता. हजारों टिपणें होतीं. प्रत्येकावर तारीख होती, प्रत्येकाच्या माथ्यावर एक-दोन संक्षिप्त खुणा होत्या. परंतु त्या खुणांचा अर्थ सांगणारा कागद कोठेंहि नव्हता. एका नामांकित ग्रंथकारावर कठोर टीका करणारें टिपण आम्हांस सांपडलें. त्यावर ‘उलट’ अशी खूण होती. ‘माझें मत आतां याच्या उलट आहे’ असा तिचा अर्थ घ्यावा, कीं ‘यांतील मुद्द्यांचा क्रम उलटा करावा’ असा? पहिला अर्थ खरा असेल, तर तें टिपण छापणें म्हणजे मृत माणसाच्या तोंडीं त्यानेंच टाकून दिलेलें मत घालणें होय. दुसरा खरा असेल, तर तें दडविणें म्हणजे त्याचा विचार मारणें होय. तीन महिने खटपट करून अखेर आम्हीं तो संगणक परत केला व छापण्याजोगें निश्चित असें कांहीं सांगतां येत नाहीं, असें त्या बाईंस सांगितलें. त्यांनीं तक्रारीचा एक शब्द काढला नाहीं. त्यामुळें तर आमची लाज अधिकच वाढली.

त्याच रात्रीं आम्हीं आपलीं स्वतःचीं टिपणें उघडलीं. आमचे स्नेही व आम्ही एकच सॉफ्टवेअर वापरीत होतों. त्याचें नांव ऑर्ग-मोड. कार्स्टेन डॉमिनिक नांवाच्या खगोलशास्त्रज्ञानें 2003 साली तें आपल्या स्वतःच्या सोयीसाठीं रचावयास घेतलें, व पुढें ईमॅक्स या लेखनप्रणालीचाच तें एक भाग झालें. यांतील टिपणें साध्या अक्षरांच्या फाइलींत राहतात. ओळीच्या आरंभीं फुली घातली कीं तें शीर्षक होतें, दोन फुल्या घातल्या कीं पोटशीर्षक. शीर्षकाच्या शेवटीं दोन अपूर्णविरामांच्या (:) मध्यें शब्द लिहिला कीं ती खूण होते, व त्या खुणेचीं सर्व टिपणें क्षणांत गोळा करितां येतात. काम बाकी आहे कीं झालें, हें दाखविणारे शब्दहि ज्यानें त्यानें आपल्या इच्छेप्रमाणें ठरवावयाचे असतात. या सॉफ्टवेअराची सविस्तर मार्गदर्शिका कोणासहि मिळते. खूण कशी घालावी हें तींत लिहिलेलें आहे. परंतु आम्हीं घातलेल्या ‘उलट’चा अर्थ काय, हें तींत असणें शक्य नाहीं. साधन जितकें मोकळें, तितका त्याचा अर्थ वापरणाराच्या पदरीं अधिक पडतो. आम्ही तो अर्थ आपल्या डोक्यांत ठेविला होता. आतां पाहतों, तों डोकें रिकामें! आमच्या तेवीस खुणांपैकीं नऊ खुणांचा उलगडा आमचा आम्हांस होईना. जो कागद आमच्या स्नेह्यानें मागें ठेविला नाहीं, तो आम्हींहि लिहिला नव्हता. आणि त्याचा अभाव जाणवण्यास आम्हांस मरावेंहि लागलें नाहीं.

किल्लीवांचून पडलेलें लेखन ही कांहीं या संगणकयुगाची नवलाई नव्हे. सॅम्युएल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्यानें 1660 ते 1669 पर्यंत आपली प्रसिद्ध रोजनिशी थॉमस शेल्टनच्या लघुलिपींत लिहिली, व मरतांना आपला ग्रंथसंग्रह केंब्रिज येथील एका महाविद्यालयास मिळेल अशी व्यवस्था केली. एकोणिसाव्या शतकांत जॉन स्मिथ नांवाच्या तरुणास ती रोजनिशी उकलण्याचें काम देण्यांत आलें. 1819 पासून 1822 पर्यंत, जवळजवळ तीन वर्षें, तो त्या चिन्हांशीं झुंजला. आणि शेल्टनच्या लघुलिपीचें पुस्तक पेपिसच्या त्याच ग्रंथसंग्रहांत होतें. स्मिथला मात्र त्याची वार्ता नव्हती! येथें किल्ली नव्हती असें नाहीं; किल्ली कोठें आहे हें सांगणारें एक वाक्य तेवढें नव्हतें. उलटपक्षीं आमच्या पाणिनीकडे पाहावें. अत्यंत संक्षिप्त सूत्रें रचणाऱ्या त्या पुरुषानें, तीं सूत्रें कशीं लावावीं हें सांगणारीं परिभाषासूत्रेंहि त्याच ग्रंथांत घातलीं. संक्षेपाचा अधिकार ज्यास हवा, त्यानें उलगड्याचें ऋण पत्करावें, हा न्याय त्यानें स्वतःस लावून घेतला.

तथापि कोणी म्हणेल, हें सर्व परक्यांसाठीं ठीक आहे. स्वतःस स्वतःचा उलगडा कशास हवा? या शंकेचें उत्तर शोधतांना आम्हांस जॉन लॉकची आठवण झाली. लॉकनें वाचनांतील उतारे एका वहींत ठेवण्याची पद्धति बसविली होती. मथळ्याचें पहिलें अक्षर व त्यानंतर येणारा पहिला स्वर, या जोडीवरून अनुक्रमणिकेंत त्याची जागा ठरावयाची. ही पद्धति समजावून देणारा लेख त्यानें 1686 साली फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या टिपणवहीची मार्गदर्शिका लिहिणें हें या थोर तत्त्वज्ञास हलकें काम वाटलें नाहीं. आणि योगायोग पाहा, याच लॉकनें आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तींत एक नवें प्रकरण घालून असें प्रतिपादिलें कीं, माणसाचें ‘तोच मी’पण त्याच्या देहावर किंवा आत्मद्रव्यावर अवलंबून नसून जाणिवेवर अवलंबून आहे, मागील कृत्य जेथवर जाणिवेंत येतें तेथवरच तो माणूस एक. हें मत खरें मानलें, तर ज्या नऊ खुणा आम्ही विसरलों, त्या घालणारा पुरुष आमच्यापासून तेवढ्यापुरता तुटला, असेंच म्हणावें लागेल.

लॉकचें मत आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. दहा वर्षांपूर्वीं घेतलेलें कर्ज विसरलों म्हणून तें बुडविण्याचा हक्क कोणास मिळत नाहीं. सावकार आम्हांस त्याच नांवानें ओळखतो व तें योग्यच आहे. परंतु त्या मतांत एक नैतिक सत्य आहे, तें नाकारतां येत नाहीं. ऐक्य हें आयतें मिळालेलें धन नसून अंशतः कमवावयाची वस्तु आहे. आज विचार करणारा व पांच वर्षांनीं त्या विचाराकडे परत येणारा, या दोघांमध्यें पूल असेल तर ते एक; तो पूल पहिल्यानें बांधावयाचा असतो, कारण दुसऱ्यास मागें येऊन बांधतां येत नाहीं. जो आपला बचाव करूं शकत नाहीं, तक्रारहि करूं शकत नाहीं, त्याच्याविषयीं आपलें कर्तव्य अधिक कडक असतें, असें आपण लहान मुलांच्या बाबतींत मानतों. उद्यांचे आपण हे नेमके तसेच असहाय आहोंत.

या विचारानें आम्हीं मार्गदर्शिका लिहावयास घेतली, आणि पहिल्याच पानावर ठेंच लागली. आम्हीं लिहिलें: ‘दर सायंकाळीं दिवसभराचीं टिपणें पाहून त्यांस खुणा घालाव्या, दर रविवारीं जुनीं टिपणें चाळावीं.’ वाक्य सुबक झालें. परंतु तें खोटें होतें. आम्ही सायंकाळीं टिपणें पाहत नाहीं. रविवारीं तर संगणकास हातहि लावीत नाहीं. आम्ही आपल्या टिपणांची मार्गदर्शिका लिहीत नव्हतों. आपण कसे असावें याचें एक गोंडस चित्र काढीत होतों. परक्यापुढें प्रौढी मिरविली तर तो ती पारखून तरी घेतो. परंतु स्वतःपुढें मिरविलेली प्रौढी पारखणारें कोणीच नसतें. आम्हीं तें वाक्य खोडलें व लिहिलें: ‘टिपणें बहुधा महिन्यांतून एकदां, तींहि गरज पडल्यावर, पाहिलीं जातात, म्हणून खूण टिपण लिहितांनाच घालावी, मागाहून घातली जाणार नाहीं.’ हें वाक्य कमी शोभिवंत आहे, पण उपयोगी आहे. ज्या नऊ खुणांचें कारण सांगतां येईना त्यांची नांवें आम्हीं दडविलीं नाहींत, ‘अर्थ विसरला, यांवर विसंबूं नये’ असा स्पष्ट शेरा त्यांपुढें मारला. व्यवस्थेचा आव आणणें सोपें आहे. आपल्या अव्यवस्थेचा खरा नकाशा काढणें कठीण.

दोन आक्षेप राहिले, त्यांचा विचार केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. पहिला असा कीं, हा सर्व विचार टाळण्याचा बहाणा आहे. जो पेटारा सजवीत बसतो त्यास आंत घालण्याजोगें कांहीं सुचत नाहीं. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें आम्हीं स्वतःवर अनुभविलें आहे. साधनाचे रंग व शब्द बदलण्यांत आमच्या कित्येक संध्याकाळी फुकट गेल्या. म्हणून आम्हीं मर्यादा घातली: मार्गदर्शिका दोन पानांपलीकडे जातां कामा नये, ती वाढूं लागली, तर दोष व्यवस्थेंत आहे असें समजून व्यवस्थाच कमी करावी. ज्या खुणेचा अर्थ एका वाक्यांत सांगतां येत नाहीं, ती खूण नसलेलीच बरी.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आजच्या आम्हीं उद्यांच्या आम्हांस नियम घालून द्यावे, हा अधिकार आम्हांस कोणीं दिला? वाडवडिलांच्या रूढींचा जाच आपण जाणतों; मग स्वतःच स्वतःचे वाडवडील होऊन बसावें काय? येथें आम्हांस डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाचा एक विचार उपयोगी पडला. 1984 साली त्यानें असें मांडलें कीं, आज्ञावली लिहितांना यंत्रास काय करावयाचें तें सांगण्यापेक्षां, यंत्रानें काय करावें अशी आपली इच्छा आहे तें माणसांस समजावून देण्याकडे लक्ष द्यावें. हाच न्याय येथें लावला कीं आक्षेप विरतो. नुसता नियम म्हणजे हुकूम. कारणासह दिलेला नियम म्हणजे सल्ला. कारण नाहींसें झालें कीं नियम मोडण्याची परवानगी वाचणारास त्या कारणांतूनच मिळते. आमच्या मार्गदर्शिकेंत म्हणून प्रत्येक नियमापुढें ‘कारण’ असा शब्द आहे. रूढि जाचते ती जुनी असते म्हणून नव्हे. ती आपलें कारण सांगत नाहीं म्हणून.

शेवटीं एक लहानसा भाग आम्हीं जोडला. तो आमच्यासाठीं नाहीं. कोणतीं टिपणें कोणीहि वाचावींत, कोणतीं केवळ घरच्यांनीं पाहावींत, व कोणतीं न उघडतां पुसून टाकावींत, हें त्यांत लिहिलें आहे. आणि ‘उलट’ ही खूण असेल तेथें ‘हें मत मीं सोडलें आहे’ असें समजावें, असेंहि लिहिलें आहे. तीं दोन पानें कागदावर छापून मृत्युपत्राच्या पाकिटांत ठेवलीं, व तीं तेथें आहेत हें घरांत सांगितलें. पेपिसच्या ग्रंथसंग्रहांत नसलेलें तें एक वाक्य आमच्या घरांत तरी असावें.

आमच्या स्नेह्याच्या त्या टिपणाचा निकाल मात्र लागला नाहीं. तो आतां लागावयाचाहि नाहीं. परवां त्या बाई भेटल्या, तेव्हां म्हणाल्या, “दोनच पानं लिहिली असती तर!” आम्हीं कांहीं बोललों नाहीं. दोन पानांस आम्हांस आठ दिवस लागले होते, आणि त्यांतले सात दिवस खरें काय तें आठवण्यांत गेले होते.