कुंपणच जेव्हा शेत खाते

लोकशाहीत प्रतिपक्षाचे दोष दाखवणे हा नागरिकाचा हक्क तर आहेच, शिवाय ते त्याचे कर्तव्यही आहे; परंतु टीकेचा रोख प्रतिपक्षाच्या मतावरून त्याच्या माणूसपणावर वळला, तर तिला नैतिक अधिष्ठान उरते काय, हा प्रश्न अमेरिकेच्या राजकारणाला आरंभापासून चिकटलेला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६च्या निरोपाच्या संदेशात पक्षाभिमानातून उपजणाऱ्या सूडबुद्धीविषयी देशबांधवांना सावध केले होते, आणि चारच वर्षांनी जॉन अ‍ॅडम्स व थॉमस जेफरसन यांच्यातील निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांनी चिखलफेकीची परिसीमा गाठली.

जेम्स कॅलेंडर या पत्रकाराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जेफरसन यांच्या आर्थिक पाठबळावर त्याने अ‍ॅडम्स यांच्याविरुद्ध जहरी लेखन केले, त्यापायी राजद्रोहाच्या कायद्याखाली तुरुंगवास भोगला, आणि जेफरसन अध्यक्ष झाल्यावर अपेक्षित पद पदरात पडले नाही तेव्हा लेखणी त्यांच्यावरच उलटवून, त्यांनी गुलाम म्हणून बाळगलेल्या सॅली हेमिंग्ज या स्त्रीपासून त्यांना मुले झाल्याचे १८०२ मध्ये छापले. हा आरोप खरा होता, असे आज बहुतेक इतिहासकार मानतात. सुडाने उचललेल्या लेखणीतूनही सत्य बाहेर पडू शकते. म्हणूनच नकारात्मक प्रचार, म्हणजे स्वतःचा कार्यक्रम मांडण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याचे दोष उगाळून मते मागणे, सरसकट त्याज्य ठरवता येत नाही.

येथे न्यायदर्शनाने केलेला भेद उपयोगी पडतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठी प्रमाणांच्या आधारे चालतो तो वाद, विजयासाठी शब्दच्छलाचाही आश्रय घेतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. विशेष म्हणजे सूत्रकार जल्प आणि वितंडा यांना पूर्णतः बाद करत नाहीत. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग ते मान्य करतात. खंडनाचे समर्थन ते कशाचे रक्षण करते यावर अवलंबून आहे, असाच याचा अर्थ होतो.

लिंडन जॉन्सन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी ७ सप्टेंबर १९६४ रोजी दूरचित्रवाणीवर एकदाच दाखवलेल्या जाहिरातीला हा निकष लावता येतो. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या तोडत, आकडे चुकवत मोजत असते. मग पुरुषी आवाजात उलटी मोजणी सुरू होते, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीपर्यंत जातो आणि पडदा अणुस्फोटाने व्यापतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे त्यात नावही येत नाही. अण्वस्त्रांविषयीची त्यांची वक्तव्ये हा चर्चेचा रास्त विषय होता. पण जिचे खंडन करता येईल अशी एकही तक्रार या जाहिरातीने शब्दांत मांडली नाही, आणि प्रेक्षकाच्या मनात विचाराऐवजी भय पेरले.

अशा भयाची सवय समाजात कुठवर मुरते, हे राज्यशास्त्रातील ‘भावनिक ध्रुवीकरण’ या संकल्पनेवरून कळते; धोरणांवरील मतभेदाहून वेगळी, विरुद्ध पक्षाच्या माणसांविषयीच वाटणारी नावड, असा तिचा आशय आहे. अपत्याने विरुद्ध पक्षाच्या व्यक्तीशी विवाह केल्यास नाराजी वाटेल, असे १९६०च्या पाहणीत दोन्ही पक्षांच्या जेमतेम पाच टक्के समर्थकांनी सांगितले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी सुमारे निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक तसे म्हणत होते. राजकीय मत सोयरिकीच्या आड येऊ लागले, तेव्हा कुंपणानेच शेत खाल्ले असे म्हणावे लागते.

यावर असा आक्षेप संभवतो की, समोर उघड अन्याय असताना वैरभाव सोडणे म्हणजे अन्यायाशी तडजोड करणे होय. उत्तर व दक्षिण यांच्यातील यादवी युद्धाच्या अखेरीस अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ४ मार्च १८६५ रोजी केलेले भाषण हा आक्षेप खोडून काढते. गुलामगिरीविरुद्ध युद्ध अखेरपर्यंत नेण्याचा निर्धार कायम ठेवूनही, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात व एकाच ईश्वराची प्रार्थना करतात याकडे त्यांनी लक्ष वेधले, आणि युद्ध ही गुलामगिरीच्या पापाची उत्तर व दक्षिण या दोहोंना मिळालेली शिक्षा असू शकते, असे सुचवले. रायनहोल्ड नीबर या धर्मचिंतकाने पुढे या भूमिकेचे मर्म उलगडले: नैतिक निश्चय ठाम असावा, परंतु ईश्वराचा न्याय आपल्याच पक्षाला बांधलेला आहे असे कोणीही मानू नये.

द्वेषाचा मूळ दोष त्याच्या कठोर शब्दांत नसून, द्वेष करणारा स्वतःला न्यायनिवाड्यातून वगळतो, यात आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मिनेसोटातील सभेत एका स्त्रीने बराक ओबामा अरब असल्याने त्यांच्यावर विश्वास नाही असे म्हटले, तेव्हा ओबामांचे प्रतिस्पर्धी उमेदवार जॉन मॅकेन यांनी ध्वनिक्षेपक परत घेऊन, ते सभ्य कुटुंबवत्सल नागरिक असून मतभेद मूलभूत प्रश्नांवर आहेत, असे उत्तर दिले. अरब असणे हा दोष नव्हे, हे त्या उत्तरात सुटून गेले, आणि मॅकेन यांच्याच मोहिमेने ओबामांविरुद्ध बोचऱ्या जाहिरातीही केल्या. तरीही स्वपक्षाच्या श्रोत्यांना समोरासमोर अडवण्याचे धैर्य तेथे दिसले. ज्या मापाने प्रतिपक्ष तोलला जातो, त्याच मापाने स्वपक्ष तोलण्याची तयारी असेपर्यंतच टीका न्याय्य असते. ती तयारी संपल्यावर टीकेतील तपशील खरा असला, तरी टीकाकार सत्याचा कैवारी राहत नाही.